दसऱ्यासाठी ठेवलेला प्रोसेसर

पंखा फिरत होता, बोर्डावरचा लाल दिवा लागला होता आणि पडदा काळा होता. मी पडद्याची वायर काढून परत घातली. काळाच. माझ्या मागे सुशीला उभी होती. नवरात्राचा उपास, पायात चप्पल नाही, हातात प्रोसेसरचा रिकामा खोका. खोक्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. दसऱ्याआधी याला हात लावायचा नाही, असं तिच्या नवऱ्यानं बजावून ठेवलेला तो खोका तिनं सकाळी घटाशेजारून स्वतः उचलून आणला होता.

"मावशी, दिसंल का?" तिनं विचारलं.

"आत्ता तरी न्हाई," मी म्हणाले.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. त्या वेळी सुचलं नाही.

सुशीलाचा नवरा मारुती आदल्या संध्याकाळपासून लोणावळ्याच्या एका पॉइंटाखालच्या दरीत होता. मुंबईहून आलेली एक मुलगी फोटो काढताना कठड्यापलीकडं गेली आणि घसरली. मारुती तिच्या मागं दोर घेऊन उतरला. ती सापडली, जिवंत आहे, एवढं त्यानं वायरलेसवर सांगितलं. मग वरून दरड सुटल्याचा आवाज आला आणि वायरलेस बंद पडला. धुकं इतकं, की काठावरच्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नव्हते. सकाळी थोडा वेळ धुकं फाटलं तेवढ्यात पथकातल्या संतोषनं ड्रोन उडवला आणि दरीचे ढीगभर फोटो काढून आणले; हातातल्या चिमुकल्या पडद्यावर त्याला काही ओळखू येत नव्हतं. ते फोटो ज्या संगणकावर बघायचे, तो हा. मी तो उघडून बसले होते.

पुढचं सांगण्याआधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. तळेगावला एका कारखान्यात रेडिओच्या बोर्डांना डाक लावायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, लाइनीवर बसत होते. कारखाना बंद पडला. हाताला डाकेची सवय होती, म्हणून कामशेतच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करायला लागले आणि टीव्हीवरून संगणकावर आले. इंग्रजी मला आकड्यांपुरतं आणि खोक्यावरच्या नावांपुरतं वाचता येतं. तेवढं पुरतं. लोकांना वाटतं संगणक दुरुस्त करणं म्हणजे फार मोठी विद्या. निम्मं काम झाडलोटीचं आहे. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला पाझर फुटतो तसा बोर्डालाही ओलावा लागतो. पट्ट्यांवर हिरवट बुरा चढतो, तो खोडरबरानं घासून काढायचा. कॅबिनेटमध्ये पाली निघतात. एका रिसॉर्टच्या संगणकात उंदरीण व्यालेली होती. मॅनेजर म्हणाला, "मावशी, वॉरंटीत बसंल का?" मी म्हणाले, पिल्लांची का संगणकाची?

उरलेलं निम्मं काम सोयरीक जुळवण्याचं. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो ज्या पाटावर बसतो तो बोर्ड. पडद्यावर चित्र काढायचं काम वेगळं, त्याला ग्राफिक्स म्हणतात. काही प्रोसेसरांच्या पोटातच ग्राफिक्स असतं. काहींच्या पोटात नसतं, ते थोडे स्वस्त मिळतात, पण त्यांना चित्रासाठी वेगळं कार्ड लावावं लागतं. कार्ड नसलं तर तो प्रोसेसर सगळं काम करील, तुम्हाला मात्र काही दिसणार नाही. आंधळा म्हणा. नवलाख उंबरे गावचा एक माणूस असा संगणक घेऊन आला होता. नवीन घेतला, चित्रच येत नाही म्हणून त्यानं आधी पडदा बदलून आणला, मग दुसरा पडदा बदलून आणला, आणि तिसरा डोक्यावर घेऊन माझ्याकडं आला. मी सांगितलं, अरे, याच्या पोटात काही नाहीच. तो म्हणाला, "मग आधी सांगायचं व्हतं." जणू मीच विकला होता.

आता पोटात ग्राफिक्स असलेले नवे नवे प्रोसेसर येतात. दरवर्षी येतात. आधी बातमी येते, मग दुसरी बातमी येते की पहिली बातमी खोटी होती, मग माल येतो. या बातम्यांवर जगणारं माझं एक गिऱ्हाईक होतं. बँकेतून निवृत्त झालेले, तळेगावचे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. नवा संगणक घ्यायचा म्हणून ते वर्षानुवर्षं दुकानात येत होते आणि त्यांनी तो कधीच घेतला नाही. "शेवंताबाई, आता नको. पुढच्यात ग्राफिक्स दुप्पट आहे. थांबू या." पुढचा आला की त्याच्या पुढच्याची बातमी आलेली असे. त्यांच्या घरचा जुना संगणक मी इतक्यांदा उघडला, की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. एकदा त्याचं कार्ड जळलं तेव्हा मीच त्यांना एक साधं कार्ड घालून दिलं. ते म्हणाले, "तात्पुरतं हं." ते तात्पुरतं कार्ड पुढं त्यांच्या घरी कायमचं झालं.

मारुती माझ्या दुकानात काकांना भेटला. मारुती कान्हे गावचा. घरची शेती, नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी दरीत उतरणाऱ्या पथकात. आमच्याकडं अशी पथकं आहेत. कोणी वायरमन, कोणी शिक्षक, कोणी हॉटेलवाला. फोन आला की हातातलं काम टाकून जातात. पर्यटक पडतात आणि ही पोरं त्यांना वर आणतात, कधी चालत, कधी झोळीत. मारुती पोर नव्हता, पन्नाशीला आला होता, पण दोरावर सगळ्यांत पुढं तोच.

पथकाचा संगणक लोणावळ्यात चिक्कीच्या गोदामावरच्या एका खोलीत होता. जिना चढताना गुळाचा वास अंगाला चिकटायचा. पुण्याच्या एका इंजिनियर पोरानं त्यात एक प्रोग्रॅम घालून दिला होता. ड्रोनचे फोटो त्याला दिले की तो रानात नसलेला रंग हुडकून काढतो. रानात काय असतं, हिरवं, तपकिरी, काळा दगड. त्यात लाल पिशवी किंवा निळा सदरा दिसला की तिथं चौकोन काढून दाखवतो. माणसाचा डोळा थकतो, तो थकत नाही. पण त्याला ग्राफिक्स दणकट लागतं. म्हणून त्या संगणकाला मोठं कार्ड होतं, आणि प्रोसेसर पोटात काही नसलेला.

पावसाळ्यात लोणावळ्याची वीज जाते. नेमक्या दरीत उतरायच्या दिवसांत जाते. इन्व्हर्टरवर ते मोठं कार्ड चालत नसे, लगेच सगळं बंद पडे. यावर मारुतीनं उपाय काढला. नव्या प्रोसेसरच्या पोटातच एवढं ग्राफिक्स येतंय की वेगळं कार्ड नको, आणि वीजही कमी लागते. ही बातमी त्याला काकांनीच दिलेली. काका म्हणाले, "पण मारुती, तू थांब. याच्या पुढचा..."

"काका, तुमी थांबा," मारुती म्हणाला. "माणसं दरीत पडायची थांबत न्हाईत."

सगळे हसले. काकाही हसले.

तो उन्हाळाभर थांबलाच मात्र, माल बाजारात येईपर्यंत. बोर्डाची खाच तीच, त्यामुळं बोर्ड बदलायचा नव्हता. पुण्याच्या व्यापाऱ्याला मी विचारलं, या बोर्डावर चालेल का? तो म्हणाला, सॉकेट एकच आहे, डोळे झाकून घाला. दरम्यान पथकाचे दोर जुने झाले होते. सोमाटण्याला लग्नाचे व्हिडिओ करणारा एक माणूस आहे, त्याला मोठं कार्ड हवं होतं. त्याच्या भावाचं गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान. मारुतीनं कार्ड दिलं आणि नवा कोरा नारिंगी दोर घेतला. मी म्हणाले, नवीन चालू होईस्तवर कार्ड ठेव. तो म्हणाला, "मावशी, कार्डाला धरून कुनी वर येत न्हाई. दोराला धरून येतंय."

खरंच होतं ते.

प्रोसेसर घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आला. मी म्हणाले, आण, एकदा बसवून बघते. मारुतीनं खोका छातीशी धरला. "न्हाई. दसऱ्याला. पूजा झाल्याबिगर नवी वस्तू चालवायची न्हाई आमच्यात. ट्रॅक्टर आला तवा त्यो पन दसऱ्यापतूर उभा व्हता, आबांनी टपावर बसू दिलं न्हाई कुनाला."

"अरे, निस्तं चालतंय का बघायचंय."

"चालनारच की. नवा हाय. तुमच्यात मुहूर्त न्हाई, म्हनून तुमाला घाई."

माझ्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची तसबीर आहे. मारुती यावरून माझी अशी चेष्टा करायचा आणि मी त्याच्या घटाच्या घुगऱ्या मागून खायचे. गिऱ्हाइकाच्या देवाशी मी भांडत नाही. त्यानं खोका घरी नेला, सुशीलानं त्याला हळदकुंकू लावलं आणि घटाशेजारी ठेवला. खंडेनवमीला पथकाची सगळी हत्यारं मांडायची, दोर, हुका, हेल्मेटं, आणि मधोमध संगणक, असा त्याचा बेत होता. मला साडी नेसून यायला सांगितलं होतं. मी रोज साडीच नेसते. तो म्हणाला, चांगली.

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी ती मुलगी पडली.

सोमवारी सकाळी संतोषचा फोन आल्यावर मी कामशेतहून सकाळची लोकल धरली. येताना दुकानातल्या कपाटातलं एक जुनं कार्ड सवयीनं पिशवीत टाकलं. खोलीत पोचले तर सुशीला आधीच तिथं होती. मी नवा प्रोसेसर बसवला. खाचेत तो अगदी बरोबर बसला. आणि पडदा काळा.

खाचेत बसला म्हणजे चालला असं नसतं. बोर्डाला कारखान्यातच शिकवून पाठवलेलं असतं, कुठले प्रोसेसर ओळखायचे ते. हा बोर्ड तयार झाला तेव्हा हा प्रोसेसर जन्मालाच आला नव्हता. बोर्डाला नव्यानं शिकवता येतं, पेनड्राइव्ह लावून. पण शिकवायला बोर्ड जागा हवा, म्हणजे त्याच्या ओळखीचा जुना प्रोसेसर त्याच्यावर बसवायला हवा. तो मी बसवला. तो आंधळा. त्याचं कार्ड सोमाटण्याला. चित्र नसलं की हा बोर्ड पुढं सरकत नाही, तीन शिट्ट्या देतो आणि थांबतो. महागड्या बोर्डांना मागच्या बाजूला एक बटण असतं, प्रोसेसर नसतानाही शिकवता येतं. आमचा महागडा नव्हता.

मग मी माझं कार्ड लावलं. ते इतकं जुनं निघालं की या बोर्डाला त्याची भाषाच येत नव्हती. जुनी कार्डं नव्या बोर्डांवर चित्र देत नाहीत. मला हे माहीत होतं. तरी लावून पाहिलं. तीन शिट्ट्या.

नव्याला बोर्ड ओळखत नव्हता आणि जुन्याला दिसत नव्हतं. मी एवढी वर्षं सोयरिकी जुळवल्या, पण असा फास पाहिला नव्हता.

सुशीला म्हणाली, "त्यो व्हिडिओवाला."

मी सोमाटण्याला फोन लावला. तो माणूस सातारला सासुरवाडीला गेलेला, दुकानाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. "मावशी, मी आत्ता निघतो," तो म्हणाला. निघालाही असेल. साताऱ्याहून यायचं होतं त्याला.

सोमवार असला तरी सुट्टी जोडून आली होती. जुन्या हायवेवर गाड्यांची रांग, खिडकीतून दिसत होती. माणसं काचा खाली करून मक्याची कणसं घेत होती. पथकातली मोटारसायकलवाली सगळी पोरं दरीच्या काठावर दोराला होती. प्रोग्रॅम घालून देणारा इंजिनियर पोरगा पुण्याहून गाडीनं निघालेला, तो कुठंतरी त्याच रांगेत बसलेला. खाली उतरलेल्या दोन तुकड्या दरड सुटली त्या घळीत शोधत होत्या, कारण आवाज तिथून आला होता.

खालच्या गल्लीतल्या सायबर कॅफेवाल्यानं दुकान उघडून दिलं. मी आमची डिस्क काढून त्याच्या संगणकाला लावली. प्रोग्रॅम उघडला, त्या संगणकाला वेगळं कार्ड नाही, पोटातलं ग्राफिक्स किती कमी ते त्यानं पाहिलं आणि तो बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. मग आम्ही फोटो नुसते डोळ्यांनी बघायला बसलो. मी, सुशीला, कॅफेवाला. काही फोटो संतोषनं काठावरच्या पोरांच्या मोबाइलवर टाकले, तेही बघत होते. एकेक फोटो उघडायला वेळ घेई आणि मोठा केला की मशीन गोठे. दगड, झाडं, दगड, पाणी. दगड. सुशीला पडद्याला नाक लावून बसली होती. एकदा ती म्हणाली, "ह्यो बघा, ह्यो," आणि बोट ठेवलं. वाळलेलं पान होतं.

"मावशी, तुमी डोळं मोटं करून बगा. माजं डोळं भरत्यात."

"बघतीय."

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

काका मला तेव्हा आठवले. त्यांच्या घरचं ते तात्पुरतं कार्ड. तेही जुनंच, पण फार जुनं नव्हे, आमच्या बोर्डाला चालणारं. मी फोन केला. जेवायला बसले होते. मी सांगितलं, मारुती दरीत आहे, तुमचं कार्ड हवं. त्यांनी काही विचारलं नाही. मी फोनवरून सांगत गेले, मागचा स्क्रू काढा, खाली खिटी आहे ती दाबा, सरळ वर ओढा, वाकडं नको. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या संगणकाच्या पोटात हात घातला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"निघालं," ते म्हणाले. "स्टेशनवर जातो."

तळेगावहून लोणावळ्याला यायला लोकलच बरी, रस्ता तुंबलेला होता. पण दुपारी लोकल नसते. पुण्याच्या बाजूनं राहणाऱ्यांना हे माहीत आहे. सकाळच्या गाड्या संपल्या की दुपार उतरेपर्यंत रूळ रिकामे. काकांनी रिक्षा केली, ती वडगावपुढं रांगेत थांबली. ते परत फिरले, फलाटावर बसले, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड. अधूनमधून मला फोन करत. "शेवंताबाई, अजून सिग्नल नाही." ज्या माणसानं सगळं आयुष्य पुढच्याची वाट बघण्यात घालवलं, तो त्या दुपारी रडकुंडीला आला होता.

मी आणि सुशीला चिक्कीच्या गोदामावर परत आलो होतो. जुना प्रोसेसर बसवून, डिस्क जोडून, कार्डाची खाच पुसून मी सगळं तयार करून ठेवलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. सुशीलानं तो नवा प्रोसेसर माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या खोक्यात ठेवला.

"म्या घटाजवळनं हलवला म्हनून तर..." ती म्हणाली.

"त्याचा काय संबंध न्हाई."

"मग न हलवला म्हनून?"

मी कार्डाची खाच पुन्हा एकदा पुसली.

काका आले तेव्हा उन्हं कलली होती. जिना चढून त्यांना बोलता येत नव्हतं, त्यांनी नुसता टॉवेल पुढं केला. मी कार्ड लावलं, बटण दाबलं. एक शिट्टी. चित्र आलं. नव्या प्रोसेसरची गरजच पडली नाही.

प्रोग्रॅम चालला, सावकाश, पण चालला. फोटोमागून फोटो सरकत होते आणि एका फोटोवर चौकोन उमटला. नारिंगी रेघ. घळीत नाही, पार डावीकडं, कड्याच्या एका कपारीत, झाडाखाली. मी तो फोटो मोठा केला. दोर होता. कार्डाच्या बदल्यात घेतलेला. दोराच्या टोकाशी दोन माणसं होती. एक बसलेलं आणि दुसरं हात वर करून ड्रोनकडं बघत होतं.

सुशीलानं पडद्यावर तळवा ठेवला. "हे हायेत. हे बघा, हे हायेत. हात हलवत्यात."

फोटो सकाळचा होता. ते ती विसरली होती. मी विसरले नव्हते.

संतोषला जागा कळवली. खालच्या तुकड्या घळ सोडून तिकडं वळल्या आणि अंधार पडायच्या आत कपारीत पोचल्या. खोलीतल्या वायरलेसवर आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. संतोषनं विचारलं, सापडली का? खालून उत्तर आलं, "मुलगी ठीक हाय." संतोषनं विचारलं, मारुतीभाऊ? खालून पुन्हा तेच उत्तर आलं, "मुलगी ठीक हाय."

काकांनी सुशीलासाठी खुर्ची पुढं ओढली. ती बसली नाही.

पुढचं त्या मुलीनं दवाखान्यात सांगितलं. श्रेया तिचं नाव. तिचा हात मोडला होता. दरड सुटली तेव्हा मारुतीनं तिला कपारीत ढकललं आणि दगड त्याच्या बरगडीखाली बसला. बाहेरून काही दिसत नव्हतं. वरून सुटून आलेल्या दोरानं त्यानं तिला झाडाला बांधलं, आपलं जाकीट तिला घातलं आणि रात्रभर तिला झोपू दिलं नाही. कान्हे गावच्या गोष्टी सांगितल्या, आबांच्या ट्रॅक्टरची पण. सकाळी ड्रोन आला तेव्हा तो उभा राहिला, हात हलवला. ड्रोन त्यांच्यासमोर घुटमळला आणि गेला. मारुती तिला म्हणाला, "झालं. आता आपन मोट्या पडद्यावर दिसलो. येत्यात." मग खाली बसला. दुपारपर्यंत तो बोलत होता. पाणी कमी होतं, ते तिलाच पाजत होता. मध्येच तिला म्हणाला, "मावशी बसली आसंल बगत." दुपारनंतर तो बोलायचा थांबला. तिला वाटलं झोपला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, दुपारी आणलं असतं तर? ते म्हणाले, आतला रक्तस्राव होता, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे नाही असं नव्हे, एवढं मला कळतं. जास्त विचारलं नाही.

दसऱ्याला मारुतीच्या घरी सुतक होतं. पथकानं हत्यारं मांडली नाहीत. तो नारिंगी दोर पोलिसांकडून परत आला. संतोषनं धुऊन वाळवला आणि पथकात ठेवला. दोर चांगला आहे, टाकून कसा देणार? पुढच्याच महिन्यात तो पुन्हा दरीत उतरला, दुसऱ्या कुणासाठी.

मासिकाच्या या अंकासाठी मला गमतीदार गिऱ्हाइकांबद्दल लिहायला सांगितलं होतं. गमतीदार गिऱ्हाइकं पुष्कळ होती. लिहायला बसले की मात्र हाच संगणक समोर येतो. यातून इतरांनी काय घ्यावं, ते मला माहीत नाही. मुहूर्ताला थांबू नये, असं म्हणावं, तर काका मुहूर्त मानत नाहीत आणि जन्मभर थांबले. जुनं लगेच देऊन टाकू नये म्हणावं, तर तो दोर नसता तर मुलगीही नसती आणि फोटोत काही दिसलंही नसतं. आधी चालवून बघावं हे खरं, पण ते मी दुकानात रोज सांगते आणि रोज कोणी ऐकत नाही. मारुतीनं ऐकलं असतं तर, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. त्यानं काही होत नाही.

बोर्डाला मी नंतर शिकवलं. काकांच्या कार्डावर बोर्ड जागा केला, पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर रेघ भरत गेली आणि संपली. मग नवा प्रोसेसर बसवला. चित्र लगेच आलं, स्वच्छ. इन्व्हर्टरवर लावून पाहिला, चालला. मारुती म्हणाला होता तसाच चालला. पथकातल्या पोरांना त्यावर काम करवेना. त्यांनी नंतर दुसरा संगणक मिळवला आणि हा प्रोसेसर माझ्याकडं परत आला. सुशीलाला विचारलं, तुला हवा का? ती म्हणाली, "मला त्याचं काय करायचं? इकून टाका, न्हाईतर ठिवा." ती आता मारुतीच्या कारखान्यातच पॅकिंगला जाते. सकाळच्या पाळीला कान्हे स्टेशनवर दिसते. बोलते, जास्त नाही.

मी तो विकला नाही. कपाटात आहे, कुंकू लागलेल्या खोक्यात. काका परवा येऊन गेले. पुढच्या प्रोसेसरची खाचच वेगळी येणार आहे म्हणाले, म्हणजे आमच्या त्या बोर्डावर तो बसणारही नाही. त्यांनी अजून संगणक घेतलेला नाही. कार्ड मी त्यांना परत दिलं होतं. त्यांनी ते लावून घेतलं नाही, टॉवेलातच ठेवलंय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आता फोटो स्वच्छ दिसतात. त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या फोटोंमध्ये तो फोटो होता का, हे मी संतोषला कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

दरीत दोघं होती. मुलगी जगली.